मध्यंतराला बस धरणारा अंकुश

माझा धाकटा भाऊ अंकुश जितक्या वेळा मेलाय, तितक्या वेळा आमच्या दिघ्याच्या वस्तीत कुणाला सर्दीसुद्धा झाली नसेल. मरणं हेच त्याचं काम.

मराठवाड्यातनं आलो तेव्हा तो इथं कंपनीत लागला. भीमजयंतीला वस्तीत नाटक बसलं, त्यात याला खाटेवर खोकत मरायचं होतं. असा मेला, की आमची आई रडत स्टेजवर चढली. तिथंच त्याचं नशीब ठरलं. पुढं मोठी नाटकं आली, सिरियली आल्या. सगळीकडं हा आजारी बाप, नाहीतर पहिली गोळी खाणारा हवालदार. एका सिरियलीत तर पहिल्याच आठवड्यात गेला आणि वर्षभर भिंतीवर हार घालून लटकला. भाकरी थापताना मी सुनेला म्हणायची, "बघ, मामा कामावर आलेत."

नाटकात मेला, की मध्यंतराला तोंड धुवायचा, पिशवी उचलायचा, बस धरायचा. तिकडं पडदा पडायच्या आत इकडं हा जेवून हात धुवायचा.

यंदा क्षिप्रा नावाच्या पोरीनं नवीन नाटक बसवलं. त्यात बाप मध्यंतराआधी घर सोडून जातो आणि शेवटाला परत येतो. जिवंत! ते काम तिनं अंकुशला दिलं. म्हणाली, "काका, वाशीचा पहिला प्रयोग नीट झाला तर पुढचे सगळे तुमचेच."

रोज माझ्यापुढं बसून पाठ म्हणायचा. "अक्के, या वयात मला कुणीतरी शेवटपर्यंत ठेवतंय गं."

प्रयोगाला अर्धी वस्ती गेली. मध्यंतराला मी वडा घेऊन बाहेर आले, तर बसस्टॉपवर ओळखीची पिशवी दिसली. तोंड स्वच्छ धुतलेलं.

"अंक्या! कुठं निघालास?"

"घरी. तुला यायचंय का?"

"मुडद्या, आज तू मेला नाहीस!"

एरवी जिना चढताना गुडघा धरणारा माणूस, पण असा पळाला की मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

पडदा उघडला. दार वाजलं. बाप आला, पण रंग नाही, केस ओले, छाती भात्यासारखी हलतेय. लेक विचारते, "बाबा, कुठं होता इतकी वर्षं?" याच्या तोंडून शब्द फुटेना. मी खुर्चीतनं ओठ हलवत होते, जसं काही त्याला ऐकू जाणार होतं. मग दम खाल्ला आणि बोलला. एकसुद्धा शब्द चुकला नाही.

शेवटी सगळे नट ओळीनं उभे राहून वाकले. याला ते माहीतच नव्हतं. त्या वेळेला हा कायम बसमध्ये असायचा! इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "जयभीम!" मागनं आख्खा दिघा ओरडला, "जयभीम!"

आत क्षिप्रानं त्याला चांगलंच झापलं. मग म्हणाली, "पुढच्या प्रयोगापासून मध्यंतराला तुमची पिशवी माझ्याकडं राहील."

परवा ठाण्याला प्रयोग होता. मध्यंतराला त्याचा फोन आला. "अक्के, अजून जिवंत आहे. तू जेवून घे."