सहा नंबरचा सत्कार

गुणवंताचा त्याच्या हयातीत गौरव करणं हे जिवंत समाजाचं लक्षण आहे. हे वाक्य माझं आहे. आमच्या मालकांच्या भाषणासाठी मी ते कधीतरी लिहिलं, आणि तेव्हापासून दुबईतल्या निरनिराळ्या हॉलांत ते एका दंतवैद्याला, झुंबा शिकवणाऱ्या एका बाईंना आणि शारजातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला उद्देशून म्हटलं गेलं आहे. व्यापाऱ्याच्या वेळी टाळ्या जास्त पडल्या, कारण जेवण त्याच्याकडून होतं.

माझं खरं काम टेंडर भरण्याचं. आमची कंपनी इमारतींना एसीचे डक्ट बसवते. पण मालक कोल्हापूरचे, आणि कोल्हापूरच्या माणसाचा जम बसला की त्याला फुटबॉलची टीम लागते. मालकांनी ती इथे वाळवंटात काढली. खासगी क्लब, देशातल्या सगळ्यात खालच्या लीगमधला. मैदान भाड्याचं, खेळाडू मिळतील त्या देशांतले, आणि व्हिसा, भाषणं, पाहुण्यांची ने-आण या सगळ्यासाठी मी. मला नाही म्हणता येत नाही असा कंपनीत समज आहे.

या क्लबात एक झेक मिडफिल्डर होता. जर्सी सहा नंबरची, वय पस्तिशीच्या आसपास, डाव्या गुडघ्याला कायमची पट्टी. बचाव करणाऱ्यांच्या पुढे आणि गोल करणाऱ्यांच्या मागे जी जागा असते तिथे तो उभा असे. पंगतीत चांगला वाढपी जसा नसला तरच आठवतो, तसा त्याचा खेळ. एका सामन्याला तो ताप आला म्हणून आला नाही, तेव्हा आमच्या बाकीच्या खेळाडूंना एकमेकांची ओळख नाही हे मला पहिल्यांदा कळलं.

त्याला एकच गोष्ट हवी होती: आणखी एक वर्ष. करार जूनमध्ये संपत होता. त्याचा व्हिसा क्लबवर, बायकोचा आणि मुलीचा व्हिसा त्याच्यावर. मुलगी अजमानच्या शाळेत शेवटून दुसऱ्या वर्गात होती. शाळेचं एकच वर्ष उरलं होतं. प्रॅक्टिस संपली की तो बूट हातात घेऊन माझ्या गाडीपाशी येई आणि विचारी, "बोललात का त्यांच्याशी?" मी बोललो होतो. मालक म्हणाले होते, "बघू की."

एप्रिलमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता.

"आपल्या सहा नंबरचा सत्कार करायचा," मालक म्हणाले. "जंगी. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातच घेऊ. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं."

"आणि करार?"

"सत्कार करायचा म्हटलं न्हवं का मी?"

ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघा, गोऱ्या लोकांसारखं नुसता ई-मेल टाकून मोकळं व्हायचं, असं आपल्यात नसतंय. माणसाला वाजतगाजत पाठवायचं. काय रे?"

"व्हॉटेव्हर, डॅड," सोफा म्हणाला.

परिचय लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मैदानाबाहेरच्या कॅफेटेरियात करक चहा घेत मी त्याला त्याची कारकीर्द विचारली. ती त्याने एका कपात सांगितली. काचेच्या कारखान्याचं गाव. वडील भट्टीवर. गावचा क्लब, मग मोठ्या शहरातला क्लब, पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये काही मोसम. देशाच्या तरुण संघाकडून थोडे सामने, मोठ्या संघाकडून एकही नाही. एका कपच्या फायनलला तो बाकावर होता. त्याचा क्लब जिंकला आणि फोटोत तो डावीकडून शेवटचा आहे. मग सायप्रस, मग कझाकस्तान. तिथल्या प्लॅस्टिकच्या गवतावर गुडघा गेला. मग इथे, आधी वरच्या लीगमध्ये आणि मग आमच्याकडे.

"तुमच्या खेळाबद्दल काय लिहू?"

"मी बॉल घेतो आणि जवळच्या माणसाला देतो."

"आणि?"

"आणि परत घ्यायला जातो."

मी ते तसंच लिहिलं. मालकांनी वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात सत्कार करण्यासारखं काय आहे?" मग त्यांनी स्वतः दुरुस्त्या केल्या. तरुण संघातला 'तरुण' गेला. बाकावरचा माणूस फायनलचा शिल्पकार झाला. झेक प्रजासत्ताक खोडून तिथे चेकोस्लोव्हाकिया आला, कारण तो मोठा देश वाटतो. तो देश फुटला तेव्हा हा माणूस तीन-चार वर्षांचा होता, हे मी सांगितलं. "म्हणजे जन्म तिथलाच की," मालक म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या तिघांना आणायला मी अजमानला गेलो. त्याने सूट घातला होता. बायकोने केस बांधून घेतले होते. मुलगी कानाला हेडफोन लावून मागे बसली. तो खुशीत होता. मालकाने सहकुटुंब बोलावलंय, हॉल घेतलाय, म्हणजे करार आज स्टेजवरच जाहीर करणार, असा त्याचा हिशेब. इथे साध्या कॉफीच्या दुकानाचा करारसुद्धा बॅनर लावून, हस्तांदोलन करून होतो. त्याला चुकीचं कसं म्हणायचं?

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी त्याला सांगितलं. "आमच्यात हा कार्यक्रम जाणाऱ्या माणसाचा करतात. खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला, की त्याने निघायचं असतं."

तो मोकळेपणाने हसला. "माय फ्रेंड, मला आजवर बऱ्याच क्लबांनी काढलंय. एकाने ई-मेल केला. एकाने लॉकर रिकामं करून ठेवलं. एकाने तर काही सांगितलंच नाही, गेटवर माझं कार्डच चालेना. काढायच्या माणसासाठी कोणी फुलं विकत घेतं का?"

त्याच्या बाजूला अनुभव होता. माझ्या बाजूला फक्त महाराष्ट्र होता.

हॉल दुबईच्या करामा भागातल्या हॉटेलचा. मंडळाचे लोक कमी पडतील म्हणून साइटवरचे कामगार लेबर कॅम्पातून बसने आणले होते, सगळ्यांच्या अंगात कंपनीचे टी-शर्ट. त्यांनी मागे बसायचं, टाळ्या वाजवायच्या आणि जेवायचं नंतर. स्टेजवर पडद्याएवढी स्क्रीन, तिच्यावर मालकांचा फोटो, आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचा सत्कारमूर्ती. दीपप्रज्वलनाच्या समईत हॉटेलच्या नियमामुळे बॅटरीचे दिवे. पाच मान्यवरांनी पाच बटणं दाबली. निवेदिका प्रत्येक बटणाला चार ओळी म्हणत होती. धुराचं यंत्रही होतं. पहिल्या रांगेतले दोन ज्येष्ठ सभासद खोकत बाहेर गेले ते परत आले नाहीत. मला त्यांचा हेवा वाटला.

परिचय वाचला गेला. चेकोस्लोव्हाकियाचा आधारस्तंभ उभा राहिला आणि वाकून नमस्कार करता झाला. फेटा बांधणाऱ्याने त्याचं डोकं हाताला येत नाही म्हणून त्याला गुडघ्यावर बसवलं, नेमका डावा गुडघा टेकवून. तो दातांवर दात आवळून हसत राहिला. मग मालकांनी शाल घातली आणि हातात नारळ दिला.

मी त्याच्या बायको-मुलीच्या मागच्या खुर्चीवर होतो. माझ्या मागून चिपळूणचा आमचा एक फोरमन पुढे वाकला. "साहेब, कधी जातायत हे?" साधा प्रश्न. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याला शाल दिसली होती.

मुलीने एव्हाना हेडफोन काढला होता. तिच्या शाळेत निम्म्या शिक्षिका भारतीय. ती वळली आणि मला म्हणाली, "अंकल, आमच्या केमिस्ट्रीच्या मिसला अशीच शाल दिली होती. शी वॉज लीव्हिंग." मग तिने स्टेजकडे पाहिलं. "इज ही लीव्हिंग?"

तेवढ्यात निवेदिकेने मला भाषांतरासाठी वर बोलावलं. त्या पोरीला मी मान हलवून होय म्हटलं आणि स्टेजवर गेलो. आईच्या कानात ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण आईचा हात केसांवर गेला आणि तिथेच राहिला.

त्याने माइक घेतला. म्हणाला, इतका मान मला माझ्या गावातही मिळाला नाही. पुढच्या मोसमात मी या क्लबसाठी याहून जास्त पळेन. मी ते मराठीत सांगितलं. हॉलभर टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पुढचा मोसम नाही. मालकांनीही वाजवल्या. सगळ्यात जास्त त्यांनीच.

मग दोन माणसांनी काचेची फ्रेम आणली. आत त्याची जर्सी, सहा नंबर बाहेर दिसेल अशी पसरून, टाचण्या लावून.

शाल आणि नारळ हे आमचं होतं. पण काचेत लावलेली जर्सी जगातल्या कुठल्याही फुटबॉलपटूला वाचता येते. फेट्याखालचं हसू तसंच राहिलं, पण फ्रेम धरायला त्याने हात पुढे केला नाही. ती मीच धरली.

मालक माइकवर आले. "आणि आता ही परंपरा पुढच्या पिढीकडे!" नवी कोरी सहा नंबरची जर्सी त्यांनी त्याच्या हातात ठेवली आणि मुलाला वर बोलावलं. तरुण पिढी कानापर्यंत लाल झाली होती. "डॅड, नॉट नाऊ, प्लीज." पण फोटोग्राफर पुढे आला, आणि झेक माणसाने आपल्या हाताने ती जर्सी त्या पोराला दिली. पोराने ती ओली असल्यासारखी दोन बोटांत धरली.

फोटो निघत असताना तो ओठ न हलवता मला म्हणाला, "खलास?"

"खलास," मी म्हटलं.

मला किळस आली ती खोटेपणाची नाही. खोटेपणावर माझी नोकरी चालते. किळस याची आली की तिथे कोणीच खोटं वागत नव्हतं. निवेदिकेचे डोळे खरोखर भरून आले होते. मालकांनी रुमाल काढला तो खरोखर नाक पुसायला. मंडळाच्या अध्यक्षीणबाई त्याच्या बायकोचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "प्राउड मोमेंट ना, भाभी?" एका माणसाला त्याच्या बायको-मुलीदेखत घराबाहेर काढताना शंभर माणसं अंतःकरणापासून हेलावली होती, आणि मग ती श्रीखंड-पुरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. श्रीखंडाच्या मोठ्या पातेल्यावर केशराने क्लबचं चिन्ह काढलं होतं. वाढप्याच्या डावाने पहिला घास उचलला तो मधोमधला. मी जेवलो नाही, आणि याचं कौतुक कोणी करू नये. त्या तिघांना परत सोडायचं होतं.

परतीच्या वाटेवर तो माझ्या शेजारी बसला. फेटा त्याने मांडीवर घेतला होता. अजमान आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मालकांना निदान मुलीच्या शाळेचं सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"ते म्हणाले, भाषणात तिचा उल्लेख करू."

उल्लेखही झाला नव्हता. वेळ कमी पडला.

मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर फोटो येत राहिले. 'न भूतो न भविष्यति', 'साहेब, आपण माणसं जपता', आणि हात जोडल्याची चिन्हं, एकाखाली एक, सोलापुरी चादरीवरच्या नक्षीसारखी. जुलैमध्ये ते तिघं मायदेशी गेले. तिकडे मुलीला एक वर्ग खाली बसवलं, कारण ती झेक भाषा बोलते, पण तिला ती शाळेच्या दर्जाची लिहिता येत नाही. तो काचेच्या गोदामात लागला आणि रविवारी गावच्या क्लबाकडून खेळतो. हे त्याने मला कळवलं, तक्रार न करता, जवळच्या माणसाला बॉल द्यावा तसं.

मोसम सप्टेंबरात सुरू होणार होता. ऑगस्टच्या अखेरीस मालकांचा मुलगा शिकायला कॅनडाला गेला. प्रवेश त्याला मार्चमध्येच मिळाला होता. घरात सांगायला योग्य वेळ सापडत नव्हती. मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, "सहा नंबरला परत बोलावू या. अजून खेळतोय. मुलीचं वर्षही इथे पुरं होईल."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. इतका अडाणी माणूस आपण भाषणं लिहायला कसा ठेवला, असं त्यांना वाटत असावं.

"अहो, सत्कार झालाय त्यांचा," ते म्हणाले. "आता परत कामाला कसं लावायचं? चार माणसांत बरं दिसतं का ते?"

त्या मोसमात मधल्या फळीत आमचा डक्टिंगचा सुपरवायझर खेळला. शनिवारी ओव्हरटाइम असला की तो येत नाही.