दिगंबरला जवाब हवा होता

आमची चौकी काश्मीरमध्ये, ताबारेषेजवळच्या एका उंच धारेवर होती. मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि चौकीची कमांड माझ्याकडे होती. नोव्हेंबरमध्ये वर गेलेला जवान एप्रिलपर्यंत खाली उतरत नसे. रेशन, रॉकेल, बॅटऱ्या, औषधं सगळं बर्फाआधीच चढवून ठेवलेलं असायचं.

जालना जिल्ह्यातले आम्ही तिघे होतो. मी मंठ्याचा. नाईक मारुती घुगे मंठ्याजवळच्याच एका खेड्यातला. आणि लान्स नाईक दिगंबर साळवे हसनाबादचा, भोकरदन तालुक्यातला. दिगंबर आमचा रेडिओ ऑपरेटर होता. दर तासाला खालच्या कंपनीशी बोलायचं, हवामान कळवायचं, सगळे ठीक आहेत असं सांगायचं, हे त्याचं काम. रिकाम्या वेळी जवान बिनपैशांचे पत्ते खेळत. दिगंबर त्यात कधी बसला नाही. त्याला पत्त्यांचा कंटाळा यायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणाले की याला पहिल्यापासूनच नाद असणार.

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी उघडलं. शेजारच्या चौकीपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे दोन चौक्यांना जोडणारी गस्त, पाठवायचा हुकूम होता. मारुती चार जण घेऊन सकाळी नऊला निघाला. रेडिओ सेट त्याच्याच पाठीवर होता. साडेदहाच्या सुमारास धारेचा एक भाग सुटला. आवाज आम्ही चौकीवर ऐकला. पेट्रोलमधले मागचे तिघे वाचले. मारुती आणि त्याच्यामागून चालणारा शिपाई युनूस शेख खाली गेले.

दिगंबर सेटवर होता. "चार्ली टू, चार्ली टू, बोला, ओव्हर." उत्तर नाही. मी फावडी आणि बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब सळया घेऊन पार्टी काढत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, की दाबली त्यानं."

सेटवरचं बटण दाबलं की समोर खट्ट असा आवाज येतो. मारुतीला बोलता येत नव्हतं, पण त्याचं बोट बटणावर होतं. दिगंबरनं त्याला मराठीतच सांगितलं, "मारुती, हो असलं तर एकदा दाब. नसलं तर दोनदा." खट्ट. "श्वास घेता येतो का?" खट्ट. "युनूस जवळ आहे का?" खट्ट, खट्ट.

मी पार्टी घेऊन खाली गेलो. पुढचं मला माझ्या सेटवर ऐकू येत होतं. आम्ही ओळीनं सळया खुपसत होतो आणि दिगंबर बोलत होता. साहेब पोचले. खणून राह्यलेत. झोपू नको. घरी कोणत्या पिकाची काढणी चालू असंल आता? तूर? खट्ट, खट्ट. मंग हरभरा? खट्ट. त्यानं मारुतीला अशी किती पिकं विचारली असतील, देव जाणे. दुपारी दोननंतर खट्ट आलं नाही.

दिगंबर विचारत राहिला. संध्याकाळी मी वर आलो तेव्हाही तो विचारत होता. मी त्याच्या हातातून हँडसेट काढून घेतला. उठून त्यानं पुढच्या तासाचं हवामान कळवलं.

दोघेही दुसऱ्या दिवशी सापडले. मारुतीच्या हातमोज्यातलं बोट बटणावरच होतं.

पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि मंठ्याला परतलो. काही वर्षांनी दिगंबरही पेन्शनवर आला. जालन्याला एका लोखंडाच्या कारखान्यात गेटवर सिक्युरिटीत लागला. आम्ही फोनवर बोलायचो. तो ठीक आहे, असं तो सांगायचा आणि मीही ते खरं मानायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचा, संगीताचा फोन आला. मोबाइलवर तो रमी खेळतो, पैसे लावून. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरली म्हणाला होता, ती भरलेलीच नव्हती. गेटवर ड्युटीवर खेळताना पकडला गेला आणि नोकरीही गेली. संगीता रडत नव्हती. ती म्हणाली, "साहेब, मारत न्हाई, पीत न्हाई. बोलतच न्हाई कोणाशी. तुम्ही एकदा या."

मी हसनाबादला गेलो तेव्हा घरात बैठक बसलेली होती. थोरला भाऊ म्हणाला की ही पैशाची मस्ती आहे, पेन्शन फुकट मिळते म्हणून. मामा म्हणाले, फौजेत राहिलेल्या माणसाला एवढा कंट्रोल नसावा का. त्याला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. दिगंबरनं शपथ घेतली. मी त्याचा चेहरा पाहिला. तो मनापासून घेत होता. बारा दिवसही टिकली नाही. संगीताला त्याचा दुसरा फोन कडब्यात सापडला.

मग मी पुन्हा गेलो, या वेळी एकटाच. त्याला घेऊन शेताकडे निघालो. कापूस वेचून झाला होता. बांधावर बसलो. सगळे त्याला खेळू नको म्हणून सांगून झाले होते. मी म्हणालो, "दिगंबर, खेळताना काय होतं रे तुला?"

त्यानं बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. मग म्हणाला, "साहेब, हे कोणी विचारलंच न्हाई."

"मी विचारतोय."

"जिंकायचं म्हणून खेळत न्हाई मी. जिंकलो तरी पुन्हा लावतो. पत्ता टाकला की तिकडून लगेच काहीतरी येतं. जिंकला, हरला, काही का असंना. जवाब येतो साहेब. दर वेळी येतो." मग तो म्हणाला, "फोन खाली ठेवला की कान वाजून राह्यतात. मी ऐकतच बसतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.

त्याला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मानसोपचाराच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी संगीताला आणि भावाला समोर बसवून सांगितलं की ही चारित्र्याची खोट नाही, आजार आहे. लाज वाटली की माणूस लपून खेळतो, आणि लपला की जास्त खेळतो. पैशाचा व्यवहार बायकोनं बघावा, पण त्याला चोरासारखं वागवू नये. पुन्हा खेळला तर घरी सांगता येईल, एवढी जागा त्याला ठेवा. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. परत येताना एसटीत त्यानं दिगंबरला खिडकीची जागा दिली. एवढंच केलं त्यानं, पण मी ते पाहिलं.

मला वाटलं, कारण कळलं म्हणजे आता रस्ता सापडला. फौजेत असंच असतं. गोळी कुठून आली ते कळलं की अर्धं काम होतं. इथं तसं झालं नाही. उन्हाळाभर तो बरा होता. गोळ्या घ्यायचा, शेतात जायचा, मुलीशी बोलायचा. दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. एक ॲप बंद पडलं, तर दुसरं सापडलं. या वेळी त्यानं लपवलं नाही. त्यानं स्वतः मला फोन केला.

"साहेब, पुन्हा खेळलो."

"बरं. जेवला का?"

"न्हाई."

"जेव आधी. मी येतो."

पुढं तो असाच कितीतरी वेळा खेळला आणि कितीतरी वेळा त्यानं फोन केला. मी जात राहिलो. संगीता चहा टाकते, मी त्याच्याशेजारी बसतो. कधी तो बोलतो, कधी नाही. मी घरी परततो तेव्हा तो बरा झालेला नसतो. माझी बायको विचारते, काय झालं. मी सांगतो, बसलो होतो.

या फेब्रुवारीत मी त्याला मारुतीच्या गावी नेलं. मारुतीच्या आईला मी दर वर्षी भेटतो. दिगंबर कधी आला नव्हता. बटणावर राहिलेल्या बोटाचं मी तिला सांगितलेलं नाही, पण शेवटी तिच्या मुलाशी दिगंबर बोलत होता, एवढं तिला माहीत होतं.

म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. "तूच का रे त्यो? इतकी वर्षं आला न्हाईस."

"मावशी, मला यायला जमलं न्हाई."

"काय बोलला माझा मारुती?"

दिगंबर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बोलता येत नव्हतं त्याला. मीच बोलत होतो. घरी हरभरा काढून राह्यलेत, असं त्यानं कळवलं."

म्हातारीनं मान हलवली. "बराबर हाय. हरभराच होता त्या साली." मग आत गेली आणि आमच्यासाठी भाकरी टाकली.

परतताना मंठ्याच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत आम्ही उभे होतो. दिगंबरनं फोन काढला. अंगठा चालू झाला. मी पाहिलं, त्यानंही पाहिलं की मी पाहतोय. त्याची गाडी येईपर्यंत मी तिथून हललो नाही.

लोक मला शाळेत, पंधरा ऑगस्टला बोलावतात आणि शहिदांबद्दल बोला म्हणतात. मी दोन नावं घेतो. शिपाई युनूस शेख. त्याची बदली झाली होती, बर्फ वितळला की तो खाली उतरणार होता. नाईक मारुती घुगे. चौकीवर सगळ्यांचे केस तो कापायचा, त्या थंडीत कात्री आधी शेकोटीवर गरम करून, म्हणजे मानेला गार लागू नये. तो गेल्यावर एप्रिलपर्यंत आमच्यापैकी कोणीच केस कापले नाहीत. तसेच खाली उतरलो.