शिकारी देवीचं कुंकुमार्चन

लीलावतीकाकूंना गप्प बसवणं सोपं आहे असं इथे परदेशात आमच्या ईलिंगच्या मराठी मंडळात कुणाला वाटत असेल, तर त्याने काकूंशी एकदा वाद घालून बघावा. लायब्ररीतला प्राचीन ग्रीकचा वर्ग बंद होणार होता, तो त्यांनी भांडून चालू ठेवला. सत्तरीत ग्रीक कशाला, असं विचारलं की म्हणायच्या, "मला आवडतं. पुढे?"

नवरात्रातल्या कुंकुमार्चनाला देवीची नावं दरवर्षी त्याच वाचायच्या आणि एकेका नावाला आम्ही बायका चिमूटभर कुंकू वाहायचो. यंदा मार्चमध्ये काका गेले. नवरात्राच्या तोंडावर अध्यक्ष पद्माकर त्यांच्या घरी आले, तेव्हा मी तिथेच होते. "काकू, प्लीज राग मानू नका, पण हे सवाष्णींचं असतं. ट्रॅडिशन आहे. नावं सीमा वाचेल, तुम्ही प्रसादाचं बघा ना."

माझं डोकंच फिरलं. काकू मात्र "बघते" एवढंच म्हणाल्या. त्यांनी हार मानली असं वाटून मला फार वाईट वाटलं.

अष्टमीला त्या हॉलमध्ये आल्या, प्रसादाबिसादाशिवाय. थेट पुढे बसल्या आणि म्युझियममधून आणलेलं पोस्टकार्ड ताम्हनात ठेवलं. हातात धनुष्य, पायाशी कुत्रा, अशी आर्टेमिस. सीमाने पोथी उघडायच्या आत काकूंचा खणखणीत आवाज लागला.

"अग्रोतेरायै नमः. रानात शिकार करणारी." चिमूट पडली. "इओखेआइरायै नमः. बाणांचा वर्षाव करणारी. एलाफेबोलोस. हरणं टिपणारी."

पद्माकर लगबगीने आले. "काकू, व्हॉट इज धिस? कुणाची नावं ही?"

"ग्रीक देवीची. हिने बापाकडे हट्ट करून धनुष्य मागितलं, भरपूर नावं मागितली, आणि लग्न नको म्हणून सांगितलं. हिला कुंकू वाहायला कुणाचा नवरा जिवंत असावा लागत नाही."

"पण आपल्या देवीसमोर असं..."

"आपली महिषासुरावर चालून गेली, तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का रे, नवरा आहे का म्हणून?"

पद्माकरांनी सीमाला वाचायची खूण केली. सीमाने पोथी उचलली आणि काकूंपुढे ठेवली. "तुम्हीच वाचा, काकू."

काकूंनी कुंकवाची चिमूट घेतली, आधी स्वतःच्या कपाळाला लावली आणि पद्माकरांकडे बघत देवीचं पहिलं नाव घेतलं.