बोर्डाच्या कोपऱ्यातला नंबर

सोनम आज जेवली, भांडी घासली, झोपायला गेली. रडली नाही, चिडली नाही. तिचं हे गप्प राहणं माझ्या डोक्यातून जात नाही.

सोनम माझी मुलगी. दोन हजार सहापासून उचगावातल्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली. बोर्डाच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर बारीक अक्षरांत छापायची आपल्याकडे रीतच आहे. तिचा नंबर असा निम्म्या कोल्हापूरभर आहे. त्याचा कधी त्रास झाला नव्हता.

पंपांचे व्यापारी पारसशेठ यांनी यंदा पाण्याखाली घालायचे चष्मे, हवेच्या टाक्या विकायला आणल्या. घेणारे कोण, तर विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून काढणारे. म्हणून सोनमने जोतीरामचा फोटो सुचवला. तो वीस वर्षं हेच काम करतो. शेठनी इंटरनेटवरची परदेशी बाई निवडली. पाठीला टाकी, अंगावर नावापुरतं कापड. "लोक थांबाय पायजेत की," म्हणाले. बोर्ड दुकानावरच लागणार, म्हणून स्वतःचा नंबर त्यांनी टाकलाच नाही. बोर्डावर नंबर उरला तो सोनमचा.

लोक थांबले. फोनही आले. फोटोतली तूच का, कुठं भेटतेस, असले. टाकीची चौकशी एकानेही केली नाही.

जोतीराम रोज त्या बोर्डाखालून जायचा. त्याला वाटलं, पोहायचा तलाव निघालाय. सोनमने सांगितल्यावर तो दुकानात गेला आणि चष्मा घेऊन आला. घेण्याआधी त्याने एवढंच विचारलं होतं, मिशीमुळे आत पाणी शिरतं का. सोनमला म्हणाला, "पोरी, बाई बघितली की. चष्मा तेवढा दिसला न्हाय."

हे तिने शेठना सांगितलं. फोनांचंही सांगितलं. गर्दी होतेय, दिवाळीपर्यंत राहू दे, असं ते म्हणाले. घरी येऊन तिने मोबाइल बंद केला आणि पोह्यांच्या डब्यात ठेवला. सोमवारपासून ती कामावर गेलेली नाही. तिचे वडील म्हणतात, सोडू दे नोकरी. तीही मान हलवते. तीन वर्षं शिकून मिळवलेलं काम ती असं मान हलवून सोडणार.

पारसशेठ माणूस वाईट नाहीत. त्यांना तो नंबर दिसलेलाच नाही, बोर्डाखाली थांबणाऱ्यांना दिसला.

शेठ देवळातून येऊन सकाळी सातला दुकान उघडतात. उद्या सात वाजता मी डब्यातून मोबाइल काढणार आहे. बोर्ड उतरवा, हे त्यांना सांगायचं आहे आणि ते त्याच नंबरवरून सांगणार आहे.