फिरकी की बेडकी

शेलूबाजारच्या फाट्यावर काळी-पिवळी (प्रवासी जीप) भरायची वाट पाहत बसलो, तेव्हा माझ्याजवळ बांबूची काठी, दोऱ्याची गुंडाळी आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या जिवंत बेडक्या होत्या. दुसऱ्या दिवशी कौसाचं पान वाढायचं होतं.

कौसा म्हणजे माझी बायको. मागच्या आषाढात गेली. आमच्या घरची रीत अशी की वरसी (वर्षश्राद्ध) झाली की तिसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून पान वाढायचं. तोवर घरात मासोळी शिजत नाही. कौसाला मरळ आवडायची, तीही मी गळाला लावून आणलेलीच. बर्फातली तिने कधी तोंडात घातली नाही. सून म्हणाली, मामाजी, या वयात कायले जाता, बाजारातून आणू. मी म्हणालो, मग ते पान आपल्यासाठी होईल, तिच्यासाठी नाही. आमच्या नाल्यात यंदा अजून पाणी नव्हतं. मानोऱ्याकडच्या तलावावर मी जवानीत जात असे, तिकडेच निघालो.

मंगरूळपीरला उतरून गळ घ्यायला दुकानात गेलो. दुकानदार तोंडाचा गोड. त्याने माझ्यापुढे फिरकी धरली. फिरकी म्हणजे चकचकीत पत्र्याचं पान. पाण्यात ओढलं की गरगर फिरतं आणि त्याच्या मागे गळ असतो. त्याचं म्हणणं, पावसाने पाणी गढूळ झालं की मासोळीला बेडकी दिसत नाही, फिरकीची चमक दिसते, तिची थरथर कळते. मी म्हणालो, गवतात अडकली की तुझी चमक काय कामाची? त्यावर तो म्हणाला, बाबा, तुमची बेडकी एका जागी बसून मासोळीची वाट पाहते, फिरकी मासोळीला शोधत जाते. बोलणं खोटं नव्हतं. घेतली एक. माझा हट्ट मरळीचा होता, बेडकीचा नव्हता.

पुढच्या जीपमध्ये पोहरादेवीला जाणाऱ्या बायका होत्या. खड्ड्यात जीप उसळली आणि माझं फडकं सुटलं. एक बेडकी थेट एका म्हातारीच्या मांडीवरच्या पूजेच्या ताटात. जीपभर पाय वर झाले. ड्रायव्हर हसून हसून गाडी हळू करायला लागला. म्हातारीने मात्र बेडकीला चिमटीत धरून माझ्या हातात दिलं.

"बुढेबाबा, देवीच्या वाटेनं बेडकं घेऊन काहून निंगाले?"

मी कारण सांगितलं. बाकीच्या बेडक्या मग तिनेच वाकून वाकून सीटखालून शोधून दिल्या. उतरताना म्हणाली, "भेटन तुमाले मरळ. नाई भेटली तं घरी जाऊ नोका." आणि हसली.

तलाव अर्धाच भरला होता. नाल्याच्या तोंडाशी पाणी चहासारखं, सांडव्याकडे बरंच निवळ. मी आधी नाल्याकडे बसलो आणि बेडकी टाकली. ऊन चढलं तरी दोरा हलला नाही. दुकानदार खरा ठरला म्हणायचा. बेडकी काढून फिरकी बांधली, तर पहिल्याच ओढीला पाणगवतात गुंतली. गुडघाभर चिखलात उतरून ती सोडवताना चप्पल तिथेच रुतली. मला जिद्दच चढली. अनवाणी परत टाकली.

तिथे एक चाळिशीचा माणूस मोटारसायकल लावून गळ टाकत होता. जवळच्याच तांड्यावरचा होता. माझी फजिती पाहून आला आणि म्हणाला, काका, अशी कुठेही नका टाकू, या, जागा दाखवतो. काठाने थोडं पुढे नेऊन त्याने बोट दाखवलं. पाण्यावर कुंकू सांडावं तसा लाल पुंजका वर येत होता, खाली जात होता. मरळीची पिल्लं. श्वास घ्यायला वर येत होती.

"याच्यावरून फिरकी ओढा. बेडकीले मरळ आत्ता तोंड नाई लावत, भूक नसते तिले. पिलांजवळ कोणी आलं का रागानं चावते. आत्ताच्या आत्ता हातात येते पाहा."

मी दोरा फेकायला हात मागे नेला. तेव्हा पुंजक्याच्या एका बाजूला काळी पाठ दिसली. मग दुसऱ्या बाजूला दुसरी.

मी विचारलं, दोन कशा? तो म्हणाला, जोडीनं राखतात.

हात तसाच राहिला.

"टाका ना काका. एक काढली तं दुसरी राह्यते राखाले. काय फरक पडते?"

"पडते," मी म्हणालो. "मी वरीसभर राहून पाह्यलं."

मी खाली बसून फिरकी सोडली आणि साधा गळ बांधला. तो म्हणाला, मंग हात हालवत घरी जासान. म्हणालो, जाईन. पण गेलो नाही. सांडव्याकडच्या निवळ पाण्यात एक बाभूळ अर्धी बुडालेली होती, तिच्या सावलीत बेडकी सोडली आणि बसून राहिलो. थोड्या वेळाने तोही आपला दोरा गुंडाळून माझ्या बाजूला येऊन बसला. तंबाखू मळून दिली. पिल्लांकडे तोही परत गेला नाही.

उन्हं कलली तेव्हा दोरा सरकला. मरळ बेडकी धरते पण लगेच गिळत नाही. तेव्हा ओढलं तर हातात रिकामा गळ येतो. मी दोरा सैल सोडत गेलो. शेजारचा माणूस पुटपुटत होता, ओढा ना, ओढा. दोरा ताठ झाला तेव्हाच ओढलं. हातभर मरळ, भुकेली, एकटी.

एकटीच होती असं मी समजलो. तिचंही कोणी मागे असेल, पाण्याखाली जाऊन कोण पाहतो? जी जोडी डोळ्यांना दिसली ती मोडली नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

मोटारसायकलवर त्याने मला मानोऱ्यापर्यंत सोडलं. फिरकी मी त्याला देऊन टाकली. घेताना म्हणाला, श्रावणानंतर वापरतो, पिलं मोठी झाल्यावर. एसटीत लोकांनी पिशवीकडे आणि माझ्या अनवाणी पायांकडे पाहून नाकं मुरडली. मी खिडकीशी बसून पिशवीवर पाणी शिंपडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सुनेने लसूण, जिरं आणि सांबार (कोथिंबीर) पाट्यावर वाटून रस्सा केला. कौसा करायची तसा झाला नाही. पण गळाच्या मासोळीचाच झाला. पहिला तुकडा तिच्या पानात वाढला. मग आम्ही जेवायला बसलो. वर्षभर ताटातलं कसंबसं संपवून उठणारा मी, त्या दिवशी भाकर दुसऱ्यांदा मागून घेतली.