पद्मजाकाकूंची स्कूटरवरची सवत

पद्मजाकाकूंचा आवाज भाट्याच्या पुलापलीकडे जायचा म्हणतात. यात आळीने थोडं मीठमसाला घातला असेल, पण बागेच्या टोकाला शेवटच्या कलमाखाली बसलेल्या श्रीपतीकाकांपर्यंत तो पोचायचा हे खरं. "अहो, पानं वाढलीत! की तिथेच आणून वाढू, आंब्याच्या बुंध्याशी?" तिकडून उत्तर यायचं, "आलोच!" आणि काका तासाभराने उगवायचे. उभा संसार या 'आलोच'वर झाला.

मग काकांच्या यकृतात नको ते निघालं. डॉक्टर म्हणाले, आता उपचार नाहीत. घरी न्या, दुखणार नाही एवढं आम्ही बघू. ते बघायला राही येऊ लागली. देवरूखकडची पोर, शेवटच्या आजारातल्या माणसांची घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स. स्कूटर कुंपणाच्या दगडी गडग्याला लावायची, हात धुवायची आणि "काका, मी आले हां" म्हणत खोलीत शिरायची. दुखण्याचं औषध द्यायचं, तोंड ओलं करायचं, कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं. दाढीसुद्धा तीच करायची. एकदा दाढी झाल्यावर काका म्हणाले, "छान वाटलं."

झालं! छान! काकूंच्या फणसाच्या सांदणांना जन्मात मिळाला नव्हता तो शब्द.

शेजारच्या येसूबाई असल्या संधीची वाटच बघत असतात. "काय गो पद्मजा, या वयात सवत आली म्हणे घरात? तीही स्कूटरवरून!"

काकू हसल्या, पण त्या दिवशी घास काही नीट उतरला नाही.

तेव्हापासून टेहळणी सुरू झाली. राहीने उशी कशी ठेवली, काकांनी तिचं बोट किती वेळ धरून ठेवलं, सगळं दाराच्या फटीतून. राही म्हणायची, "काकू, या ना, अंग तुम्ही पुसा, मी दाखवते कसं ते." काकू फणकाऱ्याने स्वयंपाकघरात निघून जायच्या. माझ्याच नवऱ्याला हात लावायला ही मला परवानगी देणार!

राहीचा आवाज साईसारखा. मग काकूंनीही तसाच काढायला घेतला. "अहो... ऐकलंत का... बरं वाटतंय का..." आजारी माणसाशी हळूच बोलावं असं आल्यागेल्यानेही सांगितलं होतंच. पुढे काका गुंगीतच राहू लागले. "बोलले नाहीत तरी ऐकत असतात हां," राही म्हणाली आणि तिने हाक मारली. काकांच्या पापण्या हलल्या. काकूंनी मारली. काही नाही. आणखी गोड मारली. भिंतीला मारावी तशी.

काकूंना आता एकच हवं होतं: जायच्या आधी एकदा या माणसाने आपल्याला ओ द्यावी. त्या पोरीला देतो, मग मला का नाही?

एका सकाळी त्यांनी राहीला सांगूनच टाकलं, "उद्यापासून येऊ नको. आमचं आम्ही बघू."

"बरं काकू. आजची कूस बदलून जाऊ?"

"मी बदलते!"

राही दाराशी थांबली. काकूंनी चादर ओढली, खांदा धरला. काका लाकडासारखे ताठ. पुन्हा ओढली. हलेनात. आणि आवाजावरची साय फाटली.

"अहो, जरा सैल सोडा की अंग! जन्मभर मेला आडमुठेपणा! मी एकटीने किती ओढायचं? इकडे व्हा म्हणते ना!"

गडग्यापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या येसूबाईंचा हात दोरीवरच थांबला.

काकांचे ओठ हलले. आवाज विरलेला, पण शब्द नेहमीचाच.

"आलोच."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्याच. इतके दिवस आपल्याच तोंडून या माणसाच्या कानाशी कुणी परकीच बाई कुजबुजत होती, तो ओ देणार कुणाला?

"माझ्याशी नाही हो असे बोलले कधी," राही दारातून म्हणाली. तिच्याही आवाजात किंचित जळकं होतं, आणि काकूंच्या कानांना ते फार गोड लागलं.

त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं. "उद्या उशीर करू नको. तेल तू लाव. ओरडायचं मी बघते."

मग आळीला रोज ऐकू येऊ लागलं, "अहो, राही आली, तोंड उघडा! नाटकं नकोत!" येसूबाई म्हणायच्या, सवतीसवतींचं बरं जमलं हो.

एका दुपारी आवाज आलाच नाही. येसूबाईंनी गॅस बंद केला, चपला सरकवल्या आणि गडग्याकडे निघाल्या. राहीची स्कूटर तिथेच उभी होती.