सुलभाचे मिस्टर यायचे आहेत

डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, सुलभाच्या हातात पेन्सिल दिली आणि घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल सुरेख काढला. मग सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले आणि माझ्याकडे बघितलं, जमलं ना, अशा नजरेने.

"हा डिमेन्शिया आहे. त्यातला अल्झायमर्स," डॉक्टर म्हणाले. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी विसरायला होतं, मग माणसांची ओळख, रोजची कामं, सगळंच सुटत जातं. "बरी कधी होईल?" मी विचारलं.

"काका, गोळ्यांनी थोडा फरक पडेल. पण हा आजार मागे फिरत नाही."

हे सगळं सुरू झालं तेव्हा मी पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. सुलभा कुकरमध्ये पाणी घालायला विसरायची, तेच तेच विचारायची. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. मग एकदा ती सटाण्याला बहिणीकडे जायला निघाली आणि वाटेतल्या द्वारका चौकात रिक्षातून उतरून तिथेच उभी राहिली. ओळखीच्या एका फळवाल्याने तिला घरी आणून सोडलं. "कुठे जायचंय तेच आठवेना," ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

त्यानंतर तपासण्या झाल्या. रक्त, थायरॉइड, मेंदूचा सीटी स्कॅन. विसरण्याचं दुसरं काही कारण तर नाही ना, ते आधी बघतात. दुसरं काही निघावं म्हणून मी देवाला हात जोडत होतो. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेली सुलभा माझ्या कपाळाला हात लावून विचारत होती, "अहो, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

डॉक्टरांनी आणखी एक शब्द सांगितला होता, सनडाउनिंग. दिवस मावळायला लागला की असे रुग्ण जास्त गोंधळतात, घाबरतात. तो मी ऐकून सोडून दिला होता. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी दिवा लावला आणि सुलभा सोफ्यावरून उठून भिंतीला टेकली.

"भाऊ, तुम्ही कोणाकडे आलात?"

इतक्या वर्षांच्या संसारात ती मला 'अहो'शिवाय काही म्हणाली नव्हती.

"अगं, मी आहे."

"माझे मिस्टर येतीलच आता ऑफिसातून. तुम्ही नंतर या."

मी लग्नाचा फोटो काढून दाखवला. तिने त्यातल्या माझ्यावर बोट ठेवलं. "हेच माझे मिस्टर. तुम्ही कोण?"

मग बहुतेक रोजच असं व्हायला लागलं. ती दार उघडून समोरच्या वैशालीला हाका मारायची. वैशाली बिचारी हातातलं काम टाकून यायची, तिच्याजवळ बसायची. तोवर मी जिन्यात उभा राहायचो. उन्हं उतरायला लागली की एकच भीती असायची. ती घाबरून रस्त्यावर धावत सुटली तर? एकुलता एक मुलगा परदेशात. त्याला फोनवर मी 'ठीक आहे' एवढंच सांगायचो.

एकदा वैशाली गावाला गेलेली होती. सुलभाने मला पाहिलं, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने गॅसचा वास यायला लागला.

"सुलभा, दार उघड. मी आहे, तुझा नवरा."

"खोटं बोलू नका," ती आतून रडत म्हणाली. "मी काडी लावीन हां, जवळ आलात तर."

मी ओरडलो असतो तर तिने खरंच काडी ओढली असती. दार तोडायची ताकद माझ्यात नव्हती. मी जे जे खरं सांगत होतो, त्याने ती जास्तच भेदरत होती. मी दारापासून थोडा मागे सरलो आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"वहिनी, मी साहेबांच्या ऑफिसातला. त्यांनी निरोप दिलाय."

आतलं रडणं थांबलं. "काय म्हणाले?"

"त्यांना उशीर होतोय. काडेपेटी खाली ठेवा म्हणाले. आणि शेगडीची बटणं बंद करा."

बटणं फिरल्याचा आवाज आला. "केली. आणखी काय म्हणाले?"

"खिडकी उघडा. कडी काढा. घाबरू नका म्हणाले."

कडी निघाली. ती पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि माझ्या बाजूने जाऊन सोफ्यावर बसली. मी आत जाऊन सिलिंडर बंद केला आणि तिथेच फरशीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी ती कडी काढून टाकली. मुलाला खरं ते सगळं सांगितलं. दुपारनंतर थांबायला एक बाई ठेवली. वैशालीचे उपकार तर फिटण्यासारखे नाहीत.

ज्यांच्या घरी हा आजार आला असेल त्यांना एवढंच सांगतो, तुम्ही कोण आहात हे पटवत बसू नका. आपण खरे असून उपयोग नसतो. तिची भीती आधी कमी करा. माझी अजून गेलेली नाही. उद्या ती काय विसरेल, हा विचार रोज येतो. पण संध्याकाळी मी आता ऑफिसातला माणूस होऊन तिच्याजवळ बसतो, मिस्टरांचे निरोप सांगतो. ती शांतपणे ऐकते.

परवा चहा पिताना तिने विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी कोण असतं?"

"बायको असते," मी म्हणालो.

"मग निघा आता. अंधार पडला की घाबरत असेल ती."